मासळीच्या उपग्रहाचे सहप्रवासी

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी दुपारी बारा वाजायला चार मिनिटे कमी असताना श्रीहरिकोट्याहून एक अग्निबाण उडाला. त्याची उंची ४४ मीटर, वजन ३२१ टन आणि नाव पीएसएलव्ही-सी५४. त्यातला मुख्य प्रवासी होता १,११७ किलोग्रॅम वजनाचा भारतीय उपग्रह ‘ओशनसॅट-३’. ‘ईओएस-०६’ हे त्याचे दुसरे नाव. त्याच्यासोबत आठ छोटे उपग्रहही निघाले होते. त्यांपैकी एक भारत व भूतान यांच्या सहकार्यातून झालेला, एक बंगळूरच्या ‘पिक्सेल’ या खाजगी कंपनीचा, दोन हैदराबादच्या ‘ध्रुव स्पेस’ या खाजगी कंपनीचे आणि उरलेले चार एका परदेशी कंपनीचे होते.

विद्यार्थी मित्रांनो, मालवण, देवगड, वेंगुर्ले या बाजूला राहणाऱ्यांनी ओशनसॅटला ‘मासळीचा उपग्रह’ म्हटले तर ते मुळीच चुकीचे होणार नाही. समुद्रात मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, हे सांगण्याच्या कामी त्याचा उपयोग होतो. मग अशा लोकोपयोगी उपग्रहाच्या गाडीत हे भाड्याचे प्रवासी कशाला? आणि उद्या गाडीच खाजगी मालकाची झाली तर? अवकाश हा आता व्यापाराचा प्रांत झाला आहे, असे तुम्ही ऐकता, वाचता. त्याचा खरा अर्थ समजून घ्यायला हे एकच उड्डाण पुरेसे आहे.

आकाशातून मासळी कशी ‘दिसते’?

प्रथम हे सांगितले पाहिजे की उपग्रहाला मासा दिसत नाही. त्याला दिसतो तो समुद्राचा रंग. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. त्यांच्यात झाडांच्या पानांसारखेच हरितद्रव्य असते. हे हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे जेथे प्लवक दाट, तेथे पाण्याची निळाई कमी होऊन ते हिरवट दिसते. प्लवकांवर सूक्ष्म जीव जगतात, त्यांच्यावर तारली-बांगड्यांसारखे लहान मासे आणि त्यांच्यामागे सुरमई येते.

प्रकाशाची रंगांत फोड करून दूरचा पदार्थ ओळखण्याची ही युक्ती आपल्या किनाऱ्याला नवी नाही. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी नॉर्मन लॉकियर हे शास्त्रज्ञ विजयदुर्गला आले होते. सूर्याच्या वर्णपटावरून हेलियमचा माग काढणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी वर उभ्या सूर्याकडे पाहिले, ओशनसॅट वरून खाली समुद्राकडे पाहतो, एवढाच काय तो फरक!

रंगाबरोबरच अवरक्त किरणांवरून पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान कळते. थंड आणि उबदार पाणी जेथे एकमेकांस भिडते, तेथे अन्नद्रव्ये साठतात व मासळी जमते. रंग आणि तापमान यांचे नकाशे एकत्र करून हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था अंदाज तयार करते. अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीच्या पाण्यात मासळीचा संभव आहे, असे त्यात सांगितलेले असते. ढगांखालचा समुद्र या उपकरणांना दिसत नाही, म्हणून पावसाळ्यात या अंदाजांना खीळ बसते. पण त्या दिवसांत मासेमारीही बंद असते. मुख्य गोष्ट अशी की, हा अंदाज मच्छीमाराला फुकट मिळतो. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

भाड्याचे पहिले प्रवासी

आता थोडा इतिहास पाहू. पहिला ओशनसॅट २६ मे १९९९ रोजी पीएसएलव्ही-सी२ या अग्निबाणाने गेला. त्याच्यासोबत दक्षिण कोरियाचा आणि जर्मनीचा असे दोन छोटे उपग्रह होते. परदेशी उपग्रह भाडे घेऊन अवकाशात नेण्याचा भारताचा व्यवसाय त्या दिवशी सुरू झाला. दुसरा ओशनसॅट २३ सप्टेंबर २००९ रोजी गेला, तेव्हा सहा परदेशी सोबती होते. २०२२ मध्ये तिसरा गेला, तेव्हा सोबत्यांत आपल्याच देशातील खाजगी कंपन्या होत्या.

तीन ओशनसॅट, तीन उड्डाणे आणि तिन्ही वेळा भाड्याचे प्रवासी! हा काही योगायोगाचा चमत्कार नव्हे. मालवणहून सुटणाऱ्या एस. टी.त जागा शिल्लक असेल तर टपावर आंब्याच्या पेट्या चढवतात. गाडी जाणारच असते, डिझेल जळणारच असते. मोकळ्या जागेचे जे पैसे येतील ते आलेच. अवकाशातील व्यापाराची सुरुवात आपल्याकडे अशी टपावरच्या पेट्यांनी झाली.

पण ही जागा इतकी महाग का असते? येथे आपल्याला भौतिकशास्त्राकडे वळावे लागेल.

एक किलोचे भाडे

ओशनसॅट-३ पृथ्वीपासून सुमारे ७४३ किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्या उंचीवर टिकून राहायला त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७.५ किलोमीटर असावा लागतो. या वेगाला एक किलोग्रॅम वस्तूची गतिज ऊर्जा किती? ½mv² या सूत्राने सुमारे २ कोटी ८० लाख जूल. तेवढ्या उंचीवर उचलण्यासाठी आणखी सुमारे ६५ लाख जूल. बेरीज झाली जवळजवळ ३ कोटी ४५ लाख जूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे एका किलोला कक्षेत ठेवण्यासाठी लागणारी ऊर्जा साडेनऊ युनिटांच्या आसपास! युनिटला दहा रुपये धरले तरी बिल शंभर रुपयांच्या आतच.

आता प्रत्यक्ष भाडे पाहा. २०२२ साली सरकारच्या ‘न्यूस्पेस इंडिया’ या कंपनीने पाच पीएसएलव्ही बांधण्याचे सुमारे ८६० कोटी रुपयांचे कंत्राट हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला दिले. म्हणजे एक अग्निबाण १७२ कोटींना पडला. ६०० किलोमीटर उंचीच्या ध्रुवीय कक्षेत तो सुमारे १,७५० किलोग्रॅम नेऊ शकतो. भागाकार केला तर किलोमागे जवळजवळ दहा लाख रुपये येतात.

ऊर्जा शंभर रुपयांची आणि भाडे दहा लाखांचे. हा दहा हजार पटींचा फरक कोठून आला?

निम्म्याचा हिशेब

अग्निबाण हवेला किंवा जमिनीला रेटून पुढे जात नाही. आपल्याजवळचे द्रव्य तो वेगाने मागे फेकतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे स्वतः पुढे ढकलला जातो. फेकायचे द्रव्य वाटेत कोठे मिळत नाही, ते बरोबरच न्यावे लागते. आणि नेलेल्या इंधनाला वर उचलायला आणखी इंधन लागते.

या अडचणीचे माप काढायला एक सोपा नियम आहे. मागे फेकलेल्या वायूचा वेग सेकंदाला सरासरी २.७ किलोमीटर धरा. अग्निबाणाने आपले निम्मे वजन जाळून फेकले, की त्याचा वेग सुमारे १.९ किलोमीटरने वाढतो. उरलेल्याच्या निम्मे जाळले, की आणखी १.९ ने वाढतो. आपल्याला हवेत ७.५ किलोमीटर, हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षण यांची भरपाई धरून सुमारे साडेनऊ. म्हणजे पाच वेळा निम्मे करायचे: ३२ चे १६, १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २ आणि २ चा १.

जमिनीवरून ३२ किलो निघाले तर वर १ किलो पोचले. पण थांबा! या एका किलोत टाक्या, नळ्या, एंजिने आणि पोलादी कवच हे सारे आले. म्हणून अग्निबाणाचे टप्पे करतात आणि रिकामा झालेला टप्पा वाटेतच टाकून देतात. पीएसएलव्हीचे असे चार टप्पे आहेत. इतके करूनही ३२१ टनांतून ओशनसॅटच्या वाट्याला आले ते सव्वा टनापेक्षाही कमी. हजार किलोमागे साडेतीन किलो म्हणा ना!

आणि टाकून दिलेले टप्पे म्हणजे काही रिकामे डबे नव्हेत. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे गाव साखर कारखान्यांच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यात १९७० च्या दशकापासून भारतीय अग्निबाणांची कवचे तयार होत आली आहेत. दुसऱ्या टप्प्याचे ‘विकास’ एंजिन मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनते. केसाइतकीही चूक चालणार नाही, असे हे काम. ते महिनोन् महिने चालते आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात सारे समुद्रात तरी पडते, नाहीतर निकामी होऊन अवकाशात फिरत राहते. एका खेपेनंतर ट्रॉलर बुडवून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा बांधायचा, असे ठरवले तर बांगडा काय भावाने विकावा लागेल?

होडी परत आणणारे

हा प्रश्न अमेरिकेतील खाजगी कंपन्यांनी हाती घेतला. ‘स्पेसएक्स’ या कंपनीच्या ‘फाल्कन-१’ अग्निबाणाची पहिली तीन उड्डाणे फसली. २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथे साधले. खाजगी कंपनीने विकसित केलेला, द्रव इंधनावर चालणारा अग्निबाण प्रथमच कक्षेत पोचला. डिसेंबर २०१५ मध्ये याच कंपनीने ‘फाल्कन-९’ चा पहिला टप्पा परत आणून जमिनीवर उभा उतरवला आणि मार्च २०१७ मध्ये एक वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. पुढे एकेक टप्पा वीस-वीस, तीस-तीस वेळा उडू लागला. परतीसाठी थोडे इंधन राखून ठेवावे लागते आणि तितके सामान कमी न्यावे लागते. तरी होडी वाचते, आणि भाडे उतरते ते त्यामुळेच. निम्म्याचा नियम मात्र सरकारी अग्निबाणाला जसा लागू, तसाच खाजगीलाही. त्यात कोणाला सूट नाही.

प्रवासाची रीतही बदलली. १९८४ साली राकेश शर्मा सोव्हिएत ‘सोयूझ’ यानातून गेले, ते दोन सरकारांमधील कराराने. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकाकडे निघाले तेव्हा यान स्पेसएक्सचे होते, मोहीम ‘ॲक्सिअम’ या दुसऱ्या खाजगी कंपनीची होती आणि त्यांच्या जागेचे पैसे भारत सरकारने भरले होते.

आपल्याकडे १९८० साली रोहिणी उपग्रह घेऊन जाणारा एसएलव्ही-३ यशस्वी झाला, तेव्हा तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते डॉ. वसंत गोवारीकर. घन इंधनाच्या विकासात या मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. त्या काळी अग्निबाण सरकारचा आणि त्याचे सुटे भाग कारखानदारांचे, अशी वाटणी होती. २०२० साली सरकारने हे क्षेत्र खाजगी उद्योगांना खुले केले आणि त्यांना परवानगी देण्यासाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था स्थापली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे ओशनसॅट-३ च्या आठच दिवस आधी, हैदराबादच्या ‘स्कायरूट’ कंपनीचा ‘विक्रम-एस’ हा छोटा अग्निबाण साडेएकोणनव्वद किलोमीटर उंच जाऊन समुद्रात पडला. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या ‘अग्निकुल’ने त्रिमितीय छपाईने एकसंध बनवलेल्या एंजिनावर आपला अग्निबाण उडवला. ही दोन्ही उड्डाणे कक्षेपर्यंत जाणारी नव्हती, पण पाऊल पडले हे खरे.

परवानगी कशाला हवी, असे कोणी विचारील. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार खाजगी कंपनीच्या अवकाशातील कृत्याला तिचा देशच जबाबदार असतो. कंपनीचा उपग्रह कोणाच्या उपग्रहावर आदळला तर जाब सरकारला द्यावा लागतो.

विकावे काय, वाटावे काय?

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. अग्निबाण खाजगी झाला, स्वस्त झाला, तर त्यात आपले नुकसान नाही. मालवणहून सामान मुंबईला एस. टी.ने गेले काय किंवा खाजगी ट्रकने गेले काय, ते वेळेवर व धड पोचले म्हणजे झाले. धोका दोन्हींत आहे. १८ मे २०२५ रोजी सरकारी पीएसएलव्ही-सी६१ चा तिसरा टप्पा नीट चालला नाही आणि ईओएस-०९ हा उपग्रह गमवावा लागला.

परंतु उपग्रह जे पाहतो, ती माहिती कोणाची? याचे उत्तर अमेरिकेने एकदा चुकीचे दिले आणि नंतर दुरुस्त केले. पृथ्वीची छायाचित्रे घेणारे तेथील ‘लँडसॅट’ उपग्रह सरकारने बांधलेले होते. १९८४ च्या कायद्याने त्यांच्या छायाचित्रांची विक्री एका खाजगी कंपनीकडे गेली. एका छायाचित्राची किंमत वाढत वाढत चार हजार डॉलरांवर पोचली. विद्यापीठे, शेतीतज्ज्ञ, गरीब देश यांनी हात आखडता घेतला. १९९२ मध्ये नवा कायदा करून उपग्रहांचा कारभार पुन्हा सरकारकडे आणावा लागला आणि २००८ मध्ये सर्व छायाचित्रे विनामूल्य झाली. त्याबरोबर त्यांचा वापर कितीतरी पटींनी वाढला. उपग्रह तेच, आकाश तेच, पण दाराला किंमत लावली तेव्हा माहिती पडून राहिली आणि दार उघडले तेव्हा कामाला आली.

आता हे मालवणला लावून पाहा. मासळीचा अंदाज उद्या पैसे देणाऱ्यालाच मिळू लागला तर? मोठे जाळे आणि मोठे एंजिन असणारा तो विकत घेईल. छोट्या होडीवाला घेऊ शकणार नाही. आजही, अंदाज फुकट असूनही, सर्वांना सारखा उपयोग होत नाही. रापण ओढणारे मच्छीमार किनाऱ्यालगत जाळे टाकतात आणि दोन्ही टोके धरून काठावर ओढतात. ‘चाळीस किलोमीटरवर मासळी आहे’ हे कळून त्यांना काय फायदा? उलट यांत्रिक बोटींनी ती बाहेरच पकडली तर काठाला येईलच किती? विज्ञानाने दिलेली माहिती कोणापर्यंत पोचते, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्यानेही विचारला पाहिजे.

काही माहिती तर अशी आहे की जिचा व्यापार मनातही येऊ नये. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळ कोकणावर आले तेव्हा अनेक मच्छीमार समुद्रात होते. काही परतलेच नाहीत. मोबाइलच्या मनोऱ्याची हद्द किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. त्यापुढे असलेल्या होडीला ‘मागे फिरा’ हे सांगणार कसे? आता उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश नेणारे एक यंत्र तयार झाले आहे. वादळाची सूचना त्यावर होडीत मिळते आणि संकटात सापडलेल्याला मदतीची हाक देता येते. अशी एक लाख यंत्रे देशभरातील होड्यांवर विनामूल्य बसवण्याच्या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. तंत्र इस्रोचे, आणि योजना राबवण्याचे काम न्यूस्पेस इंडिया या व्यापारी कंपनीचे. पैसे सरकारने भरले, कंपनीने काम केले आणि मच्छीमाराला फुकट मिळाले. व्यापार आणि लोकहित यांची सांगड घालायची ती अशी.

पुढे तर हा प्रश्न अधिकच जवळ येणार आहे. पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या बारा उपग्रहांची मालिका बांधण्याचे काम २०२५ साली पिक्सेलच्या पुढाकाराखालील खाजगी कंपन्यांच्या गटाला मिळाले. ओशनसॅटच्या टपावरून गेलेला छोटा प्रवासी आता स्वतःची गाडी काढतो आहे! त्यात कौतुक आहे, तुमच्यासाठी नोकऱ्या आहेत आणि नवे संशोधनही आहे. एखाद्या कंपनीने आपल्या पैशाने उपग्रह पाठवला, तर तिने माहितीचे दाम घ्यावे हेही रास्तच आहे. पण वादळाची सूचना, समुद्राची स्थिती आणि बुडणाऱ्याची हाक यांचे दाम समाजाने एकत्र भरावे, होडीतल्या माणसाकडून मागू नये. ही तजवीज करार लिहितानाच करावी लागते. वादळ आल्यावर कलमे वाचत बसायला वेळ नसतो.

करून पाहा

१. निम्म्याचा नियम वापरून सांगा: मागे फेकलेल्या वायूचा वेग २.७ ऐवजी ४.४ किलोमीटर असेल, तर प्रत्येक निम्म्याला वेग सुमारे ३.१ किलोमीटरने वाढतो. मग साडेनऊ किलोमीटरसाठी किती वेळा निम्मे करावे लागेल? ३२ च्या जागी कोणता आकडा येईल? (द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन यांच्या एंजिनात हा वेग मिळतो.)

२. जवळच्या बंदरावर जाऊन मच्छीमारांना विचारा: मासळीचा अंदाज आणि वादळाची सूचना त्यांच्यापर्यंत कशी पोचते? किती वेळाने? कोणत्या भाषेत? उत्तरे वहीत नोंदवा.

३. शिक्षकांच्या मदतीने वर्गात वाद घाला. विषय: ‘उपग्रहाने मिळवलेली कोणती माहिती विकावी आणि कोणती वाटावी?’ दोन्ही बाजूंनी बोलणारे असू द्या. एका विद्यार्थ्याने कंपनीच्या मालकाची बाजू मांडावी आणि एकाने सर्जेकोटच्या छोट्या होडीवाल्याची.